पोतं उतरवायचं कलम

सांगलीच्या हळद बाजाराच्या फाटकासमोर माझं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि मी, बाळासो. सासष्ट साली हमालांच्या युनियननं अडत्यांशी करार करायचं ठरवलं, तेव्हा त्या कराराबद्दल माझं मत पहिल्या दिवसापासून वाईट होतं. करारात चहाची सुट्टी होती, आणि तीही सगळ्या हमालांना एकाच वेळी. पूर्वी माणसं दिवसभर दोघं-तिघं अशी यायची, बोलायची, जायची. आता सगळा बाजार एकदम माझ्या बाकड्यांवर येऊन पडणार होता आणि थोड्या वेळानं सगळे कप एकदम उष्टे होणार होते. हे कलम लिहिणाऱ्यानं जन्मात कधी चहा केला नव्हता हे उघड होतं.

लिहिणारे होते सयाजीराव, युनियनचे सेक्रेटरी. राहायला विश्रामबागेत, शिकलेले, स्वभावानं चांगले. चांगले असं मी मुद्दाम म्हणतो, कारण पुढं जे झालं त्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. एखादा असता तर प्रकरण लवकर मिटलं असतं.

करारनाम्याचा मसुदा सयाजीरावांनी बाजारातल्या पिंपळाखाली वाचून दाखवला. प्यायला पाणी मिळेल. जखम झाली तर औषधाची सोय अडत्या करील. क्विंटलपेक्षा जड पोतं भरलं जाणार नाही. प्रत्येक वाक्याला टाळ्या पडत होत्या. मग ते वाक्य आलं. पंचावन्न वर्षं पुरी झालेल्या हमालाच्या पाठीवर माल चढवला जाणार नाही. त्याला घरबसल्या भत्ता मिळेल. याला सगळ्यात मोठी टाळी पडली. पहिली टाळी वाजवली केरबानं.

केरबा आणि यल्लाप्पा जतकडच्या एकाच गावचे, बाजारातली सगळ्यात जुनी जोडी. केरबा लोखंडी आकडा लावून पोतं उचलायचा आणि यल्लाप्पाच्या पाठीवर चढवायचा. यल्लाप्पा न्यायचा, केरबा मागून चालायचा आणि पोचल्यावर उतरवून घ्यायचा. मी हॉटेल टाकलं तेव्हाही हेच चालू होतं. यल्लाप्पा रागावला की कानडीत बोलायचा आणि खूश असला की बोलायचाच नाही. केरबा मात्र दोघांचंही बोलणं एकटाच बोलायचा. अलीकडं त्याचे गुडघे कामातून गेले होते. इस्लामपूरला दिलेल्या लेकीनं, मुक्तानं, अंगणात कडुलिंबाखाली त्याच्यासाठी बाज टाकून ठेवली होती. त्या बाजेविषयी तो माझ्याकडं इतकं बोलला होता की तिची कुठली दोरी सैल आहे हेसुद्धा मला पाठ झालं होतं.

पंचावन्न कुणाला झाली हे ठरवणं अवघड होतं, कारण जन्मतारीख कुणालाच नव्हती. सयाजीरावांनी समिती नेमली. समितीनं दात बघितले.

"खोंड घेताय व्हय?" यल्लाप्पानं विचारलं आणि तोंड मिटलं ते उघडलंच नाही.

मग प्लेगच्या सालाची चौकशी झाली. केरबा म्हणाला, "पिलेगात मी रांगत हुतो." समितीनं त्याला लगेच पंचावन्नच्या पलीकडं टाकलं. यल्लाप्पा म्हणाला, "मी तवा जन्माला बी आलो न्हवतो."

"आसं कसं रं?" केरबा म्हणाला. त्याला खोटं बोलता यायचं नाही, हा त्याचा मोठा दोष. "मला चालाय तूच शिकवलंस की गड्या."

समितीनं यल्लाप्पालाही पलीकडं टाकलं. मग सगळ्यात जुना हमाल म्हणून सयाजीरावांनी त्याला कराराबद्दल चार शब्द बोलायला उभं केलं. उभं केलं म्हणजे तो उभाच होता.

"करार लय चांगला हाय," यल्लाप्पा म्हणाला. "आमच्या बाला आसला करार मिळाला असता तर त्यो आनी धा वरसं जगला असता. पानी ठेवा, औशिद ठेवा. तेवडं बसायचं काडून टाका."

"अहो, पण ते तुमच्याच भल्यासाठी आहे."

"मला बसाय येत न्हाई."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण एक वेळ सोडली तर माझ्या हॉटेलात तो कधी बाकड्यावर बसल्याचं मला आठवत नव्हतं. त्या वेळी बसला, तर त्याची पाठ अशी काही पुढं आली की शेजारच्यानं विचारलं, काही पडलंय का. त्या पाठीला पोत्याशिवाय काय करायचं ते माहीत नव्हतं. पण मतं हात वर करून घेतली गेली आणि सगळे हात वर गेले. यल्लाप्पानं आपले हात पाठीमागं बांधून ठेवले होते.

आता बाजाराची रीत सांगायला हवी, नाहीतर बाहेरच्याला पुढचं सगळं खोटं वाटेल. ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याला वाट द्यायची. तो "पोतं आलं, पोतं" म्हणाला की अडत्या असो, साहेब असो, बाजूला व्हायचं. एकदा दौऱ्यावर आलेले मोठे साहेब गटारात उभे राहिले होते आणि त्यांनी तक्रार केली नव्हती. दुसरं म्हणजे ज्यानं पोतं चढवलं त्यानंच ते उतरवायचं. ते कसं बसलंय, झोक कुठं आहे, हे त्यालाच माहीत असतं. पूर्वी एकदा भलत्यानंच मदत म्हणून हात लावला आणि एका हमालाची मान गेली. तेव्हापासून कुणी हात लावत नाही. आणि उतरवायचं कधी, तर नेणारा "घे" म्हणेल तेव्हा. त्यानं "घे" म्हणायच्या आधी पोत्याला हात लावणं म्हणजे त्याच्या बायकोला हात लावण्यासारखं.

करारावर सह्या झाल्या त्या दिवशी पिंपळाखाली टेबल मांडलं होतं. भर दुपारी बाजाराची घंटा होईल तेव्हापासून करार लागू, असं ठरलं होतं. अडत्यांतर्फे शेठजींनी सही केली, सयाजीरावांनी केली, हार घातले गेले, घंटा झाली. टाळ्या चालू असतानाच मागून आवाज आला, "पोतं आलं, पोतं."

सवयीनं सगळे बाजूला झाले. शेठजीही झाले. यल्लाप्पा हळदीचं पोतं घेऊन गर्दीतून सरळ टेबलापर्यंत आला आणि थांबला. पोतं घेतलेला हमाल थांबलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. मागं आकडा घेऊन केरबा उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचं हसू तसंच होतं.

"झाला करार, यल्लाप्पा," सयाजीराव म्हणाले. "ठेवा आता ते."

"घंटा व्हायच्या आदी चढवलंय. केरबाला इचारा."

"व्हय," केरबा म्हणाला. "आदीच चढवलं. शेवटचं म्हनला, म्हून चढवलं."

"बरोबर आहे. आता उतरवा."

"चडवायचं न्हाई आसं लिवलंय," यल्लाप्पा म्हणाला. "उतरवायचं कुटं लिवलंय?"

सयाजीरावांनी करार पहिल्यापासून वाचला. मग मागची कोरी बाजूही बघितली. उतरवायचं कुठंच नव्हतं.

"म्हंजे ह्ये हाय तवर मी हमाल," यल्लाप्पा म्हणाला. "आनी मी काय ह्ये उतरवत न्हाई."

एवढं बोलून तो वळला आणि फाटकाकडं चालू लागला. गर्दीनं पुन्हा वाट दिली. आम्हाला वाटलं गंमत आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. केरबालाही तसंच वाटलं, म्हणून तोही मागून गेला.

संध्याकाळी यल्लाप्पा पोत्यासकट घरी गेला. घराचं दार बुटकं. त्याची बायको मनुबाई पदर खोचून दारात उभी राहिली.

"आवं, दार काय मोटं व्हनार न्हाई," ती म्हणाली. "आत यायचं आसंल तर तुमीच बारकं व्हा."

तो बारका झाला नाही. तिनं भाकरी बाहेर आणून दिली, बघायला जमलेल्या शेजारणींना हाकललं आणि केरबाकडं वळून म्हणाली, "भावजी, तुमी तरी काडून घ्या ते मडं."

"त्यो घे म्हनल्याबिगर माजा हात कसा चालंल, वैनी?" केरबा म्हणाला. त्याचं गाठोडं इस्लामपूरला जायला बांधून तयार होतं. ते त्यानं मनुबाईच्या ओसरीवर ठेवलं आणि तिथंच टेकला, कारण यल्लाप्पा कुठल्या क्षणी "घे" म्हणेल याचा नेम नव्हता.

असे दिवस जायला लागले. यल्लाप्पा झोपायचा उभ्यानं, बाजारातल्या पोत्यांच्या थप्पीला पोतं टेकवून. टेकवलेलं पोतं उतरवलेलं धरायचं का, यावर समिती बसली. पाठ पोत्याला लागलेली आहे तोवर पोतं पाठीवरच आहे, असा निर्णय झाला. तो निर्णय ऐकून बाजारातल्या माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. का सोडला ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी तो माझ्या हॉटेलसमोर येऊन उभा राहायचा. मी बशीत चहा ओतून त्याच्या तोंडाला लावायचो. बघायला गर्दी व्हायची, गर्दी चहा घ्यायची, आणि तीही दिवसभर दोघं-तिघं अशी. खोटं कशाला बोलू, माझा धंदा पूर्वीसारखा झाला होता.

पोतं शेठजींचं. ट्रक एक पोतं कमी घेऊन निघून गेला होता. शेठजी रोज सकाळी छत्री घेऊन यायचे, पोत्यावर धरायचे आणि विचारायचे, "बरं आहे ना?"

"बरा हाय," यल्लाप्पा म्हणायचा.

"तुला नाही, हळदीला विचारतोय."

पुढं हळदीचा भाव चढायला लागला, तशी शेठजींची घाई गेली. "राहू दे आणखी चार दिवस," ते म्हणाले. "गोदामात घूस लागते. तुझ्या पाठीवर लागत नाही." हे सयाजीरावांच्या कानावर गेलं आणि ते खवळले. हमालाचा गोदाम म्हणून वापर करणं करारात बसत नाही, असं त्यांनी शेठजींना बजावलं. शेठजी म्हणाले, मग घेऊन जा त्याला कुठं न्यायचा तिथं. सयाजीरावांनी कामगार खात्याला लिहिलं. खात्याचे साहेब साताऱ्याला बसायचे. त्यांचं उत्तर आलं, की हमाल, पोतं आणि जोडीदार यांनी समक्ष हजर राहावं.

बरोबर मी गेलो. सयाजीरावांना दुसरी बैठक होती, आणि यल्लाप्पाला बशी धरायची सवय मलाच होती. शिवाय साताऱ्याला जाऊन हा माणूस सुधारून येऊ नये, असंही मला मनातून वाटत होतं. शेठजींनी पोत्यासाठी छत्री दिली.

एसटीच्या कंडक्टरनं पोतं बघून सांगितलं, "माल वर टपावर टाका."

"मग मलाबी वर टाका," यल्लाप्पा म्हणाला आणि मागच्या शिडीनं पोत्यासकट चढायला लागला. स्टँडवरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहिली. त्याचा पाय एकदाही चुकला नाही. त्याच्या मागून केरबा चढला, गुडघ्यागणिक देवाचं नाव घेत, आणि त्याच्या मागून मी, छत्री घेऊन. टपावर यल्लाप्पा कोंबड्यांच्या पाट्यांमध्ये वाकून उभा राहिला. केरबा त्याच्या मागं बसला आणि पोत्याचा एक कान मुठीत धरून राहिला.

इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तर खाली मुक्ता उभी. कुणीतरी तिला निरोप दिला होता. तिनं वर बघितलं आणि डोळ्यांवर हात धरला.

"आबा, उतरा की. बाज टाकलीया."

"कसा उतरू?" केरबा वरून म्हणाला. "हात गुतलाय."

"कवा मोकळा व्हनार?"

केरबानं यल्लाप्पाकडं बघितलं. यल्लाप्पा समोरच्या उसाच्या गाड्यांकडं बघत होता. मुक्तानं भाकरीचं फडकं वर धरलं. मी छत्री उलटी करून तिच्या वाकड्या मुठीत ते अडकवून ओढून घेतलं. गाडी सुटली तेव्हा केरबा मागं वळून बघत होता, आणि कडुलिंब दिसतोय का ते शोधत होता. स्टँडवरून तो दिसत नाही, हे मलाही माहीत होतं.

साताऱ्याच्या साहेबांनी आम्हाला बघून आधी सगळ्यांना बसायला सांगितलं, मग एकाला सोडून सगळ्यांना. साहेब हुशार होते. असं प्रकरण त्यांच्याकडं पूर्वी आलं नव्हतं आणि त्याचा त्यांना आनंद झाला होता. त्यांनी यल्लाप्पाभोवती एक फेरी मारली.

"कराराबद्दल तुमचं म्हणणं काय?"

"करार चांगला हाय, सायब."

"मग पोतं का ठेवत नाही?"

यल्लाप्पाच्या घामानं आणि हळदीनं साहेबांची फरशी पिवळी व्हायला लागली होती.

"ह्ये पाटीवर आसलं की मला वाट देत्यात," तो म्हणाला. "शेठ देतो, पोलिस देतो. कुनाला काय मागाय लागत न्हाई. ह्ये नसलं की मला कोन वळकतं? मला भ्या वाटतं, सायब."

एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. साहेबांनी मान डोलावली, पाणी मागवलं, यल्लाप्पाला स्वतःच्या हातानं पाजलं आणि निर्णय सांगितला. करार चढवण्याविषयी आहे. हे पोतं कराराच्या आधी चढलेलं आहे. सबब ते खाली येईपर्यंत यल्लाप्पा हा कामावर असलेला हमाल धरला जाईल आणि कुणीही त्याला ते उतरवायला भाग पाडू नये. पोतं खाली आलं त्या क्षणी तो निवृत्त.

"आणि हे कोण?" त्यांनी केरबाकडं बोट केलं.

"जोडीदार," मी म्हणालो.

"मग हेही कामावर," साहेब म्हणाले. "दोघंही, पोतं खाली येईपर्यंत. अभिनंदन."

केरबानं हात जोडले. साहेबांना वाटलं, आनंदानं जोडले.

परतीच्या गाडीच्या टपावर यल्लाप्पा खूश होता, म्हणजे बोलत नव्हता. वारा सुटला होता आणि त्याला कराडपर्यंत पोतं जड झालं नाही. मी हिशेब करत होतो की उद्या गर्दी आणखी वाढेल, एखादं बाकडं नवीन करून घ्यावं. केरबा मात्र आज त्याच्याही वाटणीचं बोलत नव्हता. थोड्या वेळानं तो बसल्या बसल्या झोपला. मान छातीवर पडली, तोंड उघडं राहिलं, पण पोत्याचा कान मुठीतून सुटला नाही. गाडीला धक्का बसला की झोपेतच त्याचा हात आधी पोतं सावरायचा आणि मग स्वतःला.

यल्लाप्पा ते बघत होता. पोतं पाठीवर असताना मागं बघता येत नाही, म्हणून इतक्या वर्षांत त्यानं केरबाला मागून येताना कधी पाहिलंच नव्हतं. आता टपावर तो आडवा वळून उभा होता, म्हणून दिसत होता. पेठ नाका मागं पडेपर्यंत तो त्या मुठीकडं बघत राहिला.

"ह्यो रोज आसंच धरतो व्हय?" त्यानं मला विचारलं.

"रोज," मी म्हणालो.

"झोपंत बी?"

"झोपेत पण. तू थप्पीला टेकतोस तेव्हा हा खाली बसून धरतो."

तो कानडीत काहीतरी पुटपुटला. मला कानडी येत नाही. पण रागात होता आणि तो राग माझ्यावर नव्हता.

इस्लामपूरला गाडी चहासाठी थांबली. ऊन उतरलं होतं. यल्लाप्पा शिडीवरून खाली आला, मागून केरबा डोळे चोळत आला. यल्लाप्पा स्टँडच्या मधोमध थांबला.

"केरबा, घे," तो म्हणाला.

केरबाला कळलं नाही. "हितं? हितं कुनाचं दुकान हाय?"

"घे म्हनतोय न्हवं."

"आरं, उतरलं की संपलं तुजं. सायबानं सांगितलंय. इच्यार कर."

"केला. घे."

केरबानं आकडा लावला. दोघांनी एकत्र श्वास सोडला आणि पोतं खाली आलं. इतक्या दिवसांनी जमिनीला लागलं ते धप्पकन, आणि हळदीचा एक पिवळा ढग उठून बसला. त्यातून यल्लाप्पा सरळ पुढं चालू लागला. त्याला थांबता येत नव्हतं. पाय ओझ्यासाठी जोर लावत होते आणि ओझं नव्हतं. चार-पाच पावलं तो टाचा उचलून नाचल्यासारखा गेला आणि मग तोंडावर पडला. स्टँडवरची माणसं हसली. कुणी वाट दिली नाही, कारण पडलेल्या माणसाला कुणी वाट देत नाही.

केरबा त्याच्याजवळ गेला. यल्लाप्पा उठायचा प्रयत्न करत होता, पण पाय दुमडत होते.

"ऱ्हाऊ दे," केरबा म्हणाला. तो यल्लाप्पाकडं पाठ करून गुडघ्यावर बसला. ते गुडघे बसले कसे ते देवाला ठाऊक. "बाळासो, चडव ह्याला."

"अरे, तू पंचावन्नच्या पलीकडचा. तुझ्या पाठीवर माल चढवायचा नाही, असा करार आहे."

"चडव."

यल्लाप्पा माल आहे की नाही यावर समिती नेमावी लागली असती. समिती सांगलीत होती. मी काखेत हात घालून यल्लाप्पाला उचललं आणि केरबाच्या पाठीवर ठेवलं. वजनानं तो काहीच नव्हता. पोत्याचं सगळं वजन पोत्यातच राहिलं होतं. केरबा उठला. आयुष्यभर त्यानं चढवलं होतं, नेलं कधी नव्हतं. पहिलं पाऊल वाकडं पडलं.

"डाव्या अंगाला झोक जातोय," यल्लाप्पा वरून म्हणाला. "हळू. टाच टेक आदी."

केरबानं टाच टेकली आणि सरळ झाला. मग त्यानं गळा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची म्हणून हाक दिली, "पोतं आलं, पोतं."

इस्लामपूरच्या माणसांना सांगलीच्या बाजाराची रीत ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण हाकेत काय होतं कोण जाणे, हसणारे बाजूला झाले. सायकलवाला उतरला. हवालदारानं मागं सरून वाट दिली. यल्लाप्पा केरबाच्या खांद्यावरून हे सगळं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो ते लपवत नव्हता.

हळदीचं पोतं स्टँडवरच राहिलं. कंडक्टर ओरडत होता की हा माल कुणाचा. एक म्हातारी त्यावर बसून मिरजेच्या गाडीची वाट बघायला लागली. मी थांबलो नाही, कारण एक गोष्ट तेवढ्यात माझ्या ध्यानात आली होती. चढवलं मी होतं. म्हणजे उतरवायचंही मलाच होतं, आणि तोवर मला यांच्या मागून जाणं भाग होतं. हॉटेल, भट्टी, सकाळचं दूध, सगळं सांगलीत राहिलं.

मुक्ताचं घर स्टँडपासून फार लांब नव्हतं. कडुलिंब होता, खाली बाज होती, उशाला वाकळ घडी घालून ठेवली होती. आम्हाला बघून मुक्ता धावत आली आणि तिनं बाज ओढून पुढं केली. केरबा बाजेजवळ येऊन थांबला. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या. मी मागून दोन्ही हात पुढं केले आणि तो "घे" म्हणायची वाट बघायला लागलो.

केरबा त्या बाजेकडं बघत होता, जिच्याविषयी तो वर्षभर माझं डोकं खात होता. पाठीवर यल्लाप्पाची मान हळूहळू कलती झाली. त्याला झोप लागली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो पायांवर भार न टाकता झोपला होता.

"केरबा," मी म्हणालो, "म्हण की घे."

"ऱ्हाऊ दे की जरा," केरबा म्हणाला. "घाई काय हाय?"

मी हात पुढं करून तसाच उभा राहिलो.